मुंडन करून आलेला भाऊ

माझ्यासमोरच्या खुर्चीवर माणूस येऊन बसला, की मी आधी त्याचे केस पाहतो, मग नखे, मग जीभ. रक्त सर्वांत शेवटी. नव्याने आलेल्या मुलींना हे विचित्र वाटते. रक्ताच्या प्रयोगशाळेत केसांकडे कोण पाहतो, असे त्या आपसांत कुजबुजतात. त्यांना जे उत्तर मी तुकड्यातुकड्यांनी देतो, ते एकदा सलग लिहावे असे गेली दोन वर्षे मनात होते. ते लिहिताना मला बरे वाटणार नाही हेही ठाऊक होते, म्हणून इतका उशीर झाला.

मी तंजावूरच्या एका रुग्णालयात रक्तविकारांच्या प्रयोगशाळेचा वरिष्ठ तंत्रज्ञ आहे. आमचे घराणे किती पिढ्यांपूर्वी इकडे आले हे आता कुणाला नक्की सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण तिचा हेल तमिळ आहे आणि भांड्यांची, पदार्थांची नावेही बहुतेक तमिळच. देवनागरी वडिलांनी हट्टाने शिकवली. माझ्या मुलांना हा लेख वाचता येणार नाही, तो मीच त्यांना वाचून दाखवीन. पुढे जी बोलणी येतील त्यांतली काही आमच्या घरच्या मराठीत झाली, काही तमिळमध्ये. वाचकांसाठी ती थोडी सरळ करून घेतली आहेत.

आमच्याकडचे लोक रक्त द्यायला घाबरत नाहीत, अवेळी द्यायला घाबरतात. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ राहुकाळ असतो, त्या वेळात आमच्या खुर्च्या रिकाम्या असतात. पापनाशमचे एक निवृत्त स्टेशनमास्तर गाडी वेळेवर आल्यामुळे एका सोमवारी नवाला पाच कमी असताना खुर्चीवर बसले. दंडाला पट्टा बांधून मी सुई उचलली, तशी त्यांनी मला हाताने थांबवले.

"पाच मिनिटं थांबा. पट्टा राहू दे."

"इतका वेळ पट्टा ठेवला तर हात निळा पडेल, सार."

"पडू दे. राहू त्याहून काळा आहे."

मी पट्टा सोडला, आम्ही दोघे घड्याळाकडे पाहत बसलो, आणि नऊ वाजून एक मिनिटाने त्यांनी हात असा पुढे केला जसा एखाद्या गाडीला हिरवा बावटा दाखवावा. अशा माणसांमुळे नोकरी सुखाची झाली. माझ्या कामात नम्रतेला आणि मर्यादेला मोठी जागा आहे, असे मी मानत आलो. त्याच मर्यादेने मला एकदा कसे फसवले, तेच सांगायचे आहे.

त्याआधी धंद्यातली एक गोष्ट समजावून द्यावी लागेल. ती मला अजूनही नवलाची वाटते.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक लांबट शेपूट असते. तिला टेलोमेअर म्हणतात. त्या शेपटीत कसलीही माहिती नसते, एकच छोटा मजकूर हजारो वेळा गिरवलेला असतो. पेशी दुभंगून दोन होतात तेव्हा दर वेळी ही शेपूट थोडी आखूड होते. फार आखूड झाली की ती पेशी पुन्हा दुभंगत नाही. त्यामुळे ज्या अवयवांना रोज नव्या पेशी लागतात त्यांना आधी झळ पोचते : अस्थिमज्जा, जिथे रक्त तयार होते, केसांची मुळे, नखे, पुढे फुप्फुसे.

इथवर मी पुस्तकातून शिकलो होतो. कोडे त्यापुढे होते. पेशीत डीएनएची दुरुस्ती करणारी प्रथिने सतत फिरत असतात. कुठे धागा तुटलेला दिसला की तो दुसऱ्या टोकाला सांधणे हे त्यांचे काम. मग गुणसूत्राचे उघडे टोक पाहून त्यांना तो तुटलेला धागा का वाटत नाही? आणि आमच्या विभागप्रमुख डॉक्टरबाई तर म्हणत, की याच दुरुस्तीच्या प्रथिनांतले एखादे बिघडले तर टेलोमेअर आखूड होतात, आणि तो बिघाड पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात उतरतो. टोकांना ज्यांचा धोका, तीच प्रथिने टोकांना राखतात, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हते.

ते सेल्वीमुळे शिरले. सेल्वी आमच्या फाटकाशी मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा विकते. कोपरापासून बोटापर्यंत हाताने मोजून देते, आणि तिचा हात आखूड आहे अशी सर्वांची तक्रार असते. केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या धाग्यात ती फुले गुंफते. एकदा मी पाहिले, की माळेच्या शेवटी ती वीतभर नुसता धागा सोडते आणि तो मागे वळवून माळेतच खोचून टाकते.

"ते कशाला, सेल्वी?"

"टोक मोकळं राहिलं तर टोपलीत शेजारच्या माळेला अडकतं, सार. ओढलं की दोन्ही तुटतात."

"आणि माळ वाढवायची झाली तर?"

"तर खोचलेलं आधी सोडवायचं, हळू. माझी नणंद कात्रीनं कापते. दर वेळी धागा तोकडा." मग तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "तुम्हाला काय करायचंय? धंदा काढताय का?"

पेशीतही हेच चालते. टेलोमेअरचे टोक मागे वळून स्वतःतच खोचलेले असते, त्यामुळे दुरुस्तीवाल्यांना ते तुटलेले वाटत नाही. पण पेशी दुभंगण्यापूर्वी त्या धाग्याची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी ते खोचलेले टोक सोडवावे लागते. सोडवण्याचे काम दुरुस्तीच्याच ताफ्यातले एक प्रथिन करते. ते प्रथिन बिघडलेले असले तर सेल्वीच्या नणंदेसारखे दुसरे कुणीतरी कात्री चालवते आणि शेपटीचा मोठा तुकडा एकदम जातो. अशा माणसाचे टेलोमेअर तिशीतच म्हाताऱ्यासारखे होतात, आणि मुलांना वारसा मिळतो तो बिघाडाचा आणि आधीच आखूड झालेल्या धाग्याचाही. म्हणून आजोबांना साठीत जे होते ते मुलाला चाळिशीत आणि नातीला विशीत होऊ शकते.

हे सगळे मला समजले होते. समजल्याचा मला अभिमानही होता. त्या अभिमानातून मी आमच्या विभागासाठी एक छापील तक्ता तयार केला : रुग्णाला आणि मज्जा देऊ इच्छिणाऱ्या नातेवाइकाला विचारायचे चाळीस प्रश्न. केस कधी पिकले, नखांवर रेघा आहेत का, जिभेवर पांढरे डाग आहेत का, घरात कुणाला कोरडा खोकला होता का, कोण कशाने गेले. खाली घराण्याचे झाड काढायला जागा. आमच्याकडे मामा-भाचीची लग्ने असतात, त्यामुळे ते झाड काढणे सोपे नसते; फांदी वळून त्याच खोडात शिरते. ते मला चांगले जमते.

मैथिली आमच्याकडे आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. पापनाशमच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. अंगावर निळे डाग उमटत, हिरड्यांतून रक्त येई. तपासणीत मज्जा जवळजवळ रिकामी निघाली. अशा रुग्णाला सख्ख्या भावाची किंवा बहिणीची जुळणारी मज्जा मिळाली तर सर्वांत उत्तम. तिला एकच भाऊ होता, गोपीनाथ, एकोणतीस वर्षांचा, ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत कामाला. आई जानकीबाई सोबत होत्या. वडील हयात नव्हते.

मी सवयीप्रमाणे तमिळमध्ये विचारायला सुरुवात केली. एवढ्यात जानकीबाई मुलीला हळूच म्हणाल्या, "हात सैल सोड गे, सुई मोठी नाही."

मी चमकून वर पाहिले. "तुम्ही मराठी?"

"अगबाई! तुम्हीसुद्धा?"

ज्यांच्या गावात सगळेच मराठी बोलतात त्या वाचकांना त्या क्षणाची गोडी समजावणे कठीण आहे. आम्ही आता थोडे उरलो आहोत. पाच मिनिटांत त्यांच्या आत्याचे सासर आमच्या मागच्या गल्लीत निघाले. दहा मिनिटांत जानकीबाईंनी मला अण्णा केले आणि मुलांचा मी मामा झालो. मी सर्वांसाठी कॉफी मागवली. तक्ता टेबलावर होता. चाळीसपैकी मी किती प्रश्न विचारले हे आजही त्या कागदावर दिसते. अकरा. बाकीच्यांपुढे मी स्वतःच्या हाताने "विशेष काही नाही" असे लिहिले.

परक्या माणसाला मी चाळीसही प्रश्न विचारले असते. ही आपली माणसे होती. विधवा बाईला नवरा कशाने गेला हे कॉफी पिताना कसे विचारायचे? तरी एकदा विषय निघाला. "भाताच्या गिरणीत होते. कोंड्याच्या धुळीनं छाती गेली," जानकीबाई म्हणाल्या. मी मान हलवली. धूळ, हे पटण्यासारखे कारण होते.

चार दिवसांनी गोपीनाथ आपले रक्त द्यायला आला. आडी महिना, म्हणजे साधारण आषाढ, चालू होता. बहिणीसाठी त्याने पुन्नैनल्लूरच्या मारीअम्मन देवीला केसांचा नवस केला होता आणि तिथूनच सरळ आला होता. डोक्याचा चकचकीत गोटा, त्यावर चंदनाचा पिवळा लेप अजून ओला. इकडे त्याला मोट्टै म्हणतात. मोट्टै केलेल्या माणसाकडे आम्ही जरा आदराने पाहतो. बहिणीसाठी केस देऊन आलेल्या भावाला "तुझे केस कसे होते रे?" असे मी विचारू शकलो नाही. तो प्रश्न देवीच्या आणि त्याच्या मध्ये शिरल्यासारखा झाला असता. मी तक्त्यावर लिहिले : "केस : नवसासाठी काढलेले."

मज्जा देणाऱ्याची ओळख पटवण्याचा नियम आहे. कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून सही करायची. त्याने कार्डाची छायाप्रत दिली. ती फिकट होती. फोटोतल्या माणसाच्या कपाळाच्या वर काही दिसतच नव्हते, पांढऱ्या भिंतीत डोके मिसळून गेले होते.

"अरे, कार्डावरही तू मोट्टैच!" मी म्हणालो.

तो हसला, पण लगेच त्याने नजर खाली वळवली. "झेरॉक्सवाल्याची शाई संपली असेल, मामा."

मी सही केली.

बहीण-भावाचे जुळले, अगदी पूर्ण. जानकीबाई रडल्या. मीही विभागाबाहेर जाऊन डोळे पुसून आलो. चेन्नैच्या एका रुग्णालयात मज्जारोपणाची तारीख ठरली. आमचा अहवाल तिकडे गेला, त्याला माझा तक्ता जोडलेला. घराण्यात काही नाही, दात्यात काही नाही. त्यामुळे जनुकांची तपासणी करावी असे कुणाला सुचण्याचे कारणच उरले नाही.

मज्जा देणाऱ्याच्या जंतुसंसर्गाच्या चाचण्या महिन्याच्या आतल्या असाव्या लागतात. म्हणून पाच आठवड्यांनी गोपीनाथला पुन्हा थोडे रक्त द्यायला बोलावले. तो घाईत होता, स्कूटरवरून आला होता, हेल्मेट काढून त्याने मांडीवर ठेवले आणि बाही वर केली.

त्याच्या डोक्यावर बोटाच्या अर्ध्या पेराएवढे केस उगवले होते. सगळे पांढरे. कानाजवळ नव्हे, मध्येमध्ये नव्हे; कपाळापासून मानेपर्यंत.

सुई माझ्या हातात होती. ती मी ट्रेमध्ये परत ठेवली.

"गोपी, हे केस..."

"डाय लावायला वेळ नाही मिळाला, मामा." तो ओशाळला. "त्या डायनं पुरळही येतं. कार्डाच्या फोटोच्या वेळी तसंच झालं होतं, म्हणून लावला नव्हता."

"कधीपासून?"

"एकोणीस-वीसपासून. अप्पांचेही तसेच होते. त्यांच्या अप्पांचे म्हणे तिशीत."

"आणि अप्पांचा खोकला?"

"कोरडा. तीन वर्षं. पण ते गिरणीत हिशोबाला होते, मामा, धुळीकडे फारसे जातही नसत. अम्मा तसं सांगते, कारण मैथिलीचं लग्न व्हायचंय. भाऊ पिकलेला, बाप खोकून गेलेला, असं कळलं तर लोक विचारतात ना."

"मला का नाही सांगितलंस?"

त्यावर तो जे बोलला ते त्याने अगदी सहज, मला बोल न लावता म्हटले. "तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. नाही विचारलंत, म्हणून वाटलं, त्याचा याच्याशी संबंध नसेल."

मी फाइल उघडली. छायाप्रतीतल्या त्या डोक्याकडे आता नीट पाहिले. शाई संपलेली नव्हती. कॉलरची शिवण, भुवया, गळ्यातली कातड्याची दोरी, सगळे स्पष्ट उमटलेले होते. न उमटलेली एकच गोष्ट होती, आणि तिच्यावर मी विनोद केला होता.

डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन मी सगळे सांगितले. त्या तमिळ आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि कमी बोलतात.

"चाळीस प्रश्न तुम्हीच लिहिलेत ना?"

"हो."

"मग विचारले का नाहीत?"

"आपली माणसं वाटली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परक्यांना आपण जास्त काळजीनं तपासतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी राजीनाम्यासारखे काहीतरी पुटपुटू लागलो. त्यांनी मला थांबवले. "प्रायश्चित्त नंतर करा, राव. आधी चेन्नैला फोन लावा. मग तिघांचं रक्त घ्या."

तारीख रद्द झाली. तिघांचे नमुने बाहेरगावी गेले. टेलोमेअरची लांबी मोजायची पद्धत देखणी आहे : त्या गिरवलेल्या मजकुराला नेमका चिकटणारा चमकता रंग पेशीत सोडतात आणि उजेड मोजतात. शेपूट जितकी लांब तितका उजेड जास्त. मैथिलीच्या पेशी अंधुक निघाल्या. गोपीनाथच्याही, तिच्याहून थोड्याच बऱ्या. टोक सोडवणाऱ्या त्या प्रथिनाच्या जनुकात दोघांनाही तोच बिघाड होता. तो वडिलांकडून आलेला असणार. जानकीबाईंच्या पेशी त्यांच्या वयाला शोभतील अशा उजळ होत्या.

याचा अर्थ असा, की भावाची मज्जा बहिणीला दिली असती तर एका थकलेल्या मज्जेच्या जागी दुसरी थकलेली मज्जा गेली असती. आणि रोपणापूर्वी जी कडक औषधे देतात, ती अशा माणसाची फुप्फुसे सोसू शकत नाहीत. तारीख पाळली गेली असती तर मैथिली बहुधा वाचली नसती, असे डॉक्टरबाईंनी मला एकदाच आणि स्पष्टपणे सांगितले.

मग ठरले, की आईची मज्जा घ्यायची. ती अर्धीच जुळत होती. औषधे सौम्य द्यायची. पण अहवाल यायला, आईची तपासणी व्हायला, नवी तारीख मिळायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांच्या शेवटी एका सकाळी मैथिली डाव्या डोळ्याने पाहू शकेना. रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी असल्या की डोळ्याच्या पडद्यावर रक्त साकळते. ते नेमके दृष्टीच्या मध्यावर साकळले होते. मी पहिल्या दिवशी उरलेले एकोणतीस प्रश्न विचारले असते तर त्या दोन महिन्यांची सुरुवात पाच आठवडे आधी झाली असती, आणि ती सकाळ उजाडण्यापूर्वी ती चेन्नैला पोचली असती. हा हिशोब मी अनेक वेळा मांडून पाहिला आहे. तो चुकत नाही.

आईची मज्जा मुलीत रुजली. दोन वर्षे झाली. मैथिली पुन्हा शाळेत जाते. डाव्या डोळ्याची मधली दृष्टी परत आली नाही. चित्र काढताना ती मान थोडी वळवून बसते.

मी तिघांना समोर बसवून माझी चूक सांगितली. जानकीबाई म्हणाल्या, "अण्णा, आम्ही लपवलं, तुम्ही विचारलं नाही. देवीला मात्र दोन्ही कळलं. केस घेतले आणि वेळेत परत पाठवले, तुम्हाला दिसावेत म्हणून."

गोपीनाथ म्हणाला, "काळे करून पाठवले असते तर माझा डाय आणि अम्माचं लपवणं, दोन्ही सुटलं असतं."

मैथिली हसली. मी हसू शकलो नाही. त्या श्रद्धेशी मी वाद घातला नाही. मात्र तिचा आडोसाही घेतला नाही. देवीला पाच आठवडे लागले, कारण केस तेवढ्याच गतीने वाढतात. माझा प्रश्न एका मिनिटाचा होता.

या लेखासाठी परवानगी मागायला गेलो तेव्हा मैथिली म्हणाली, "लिहा, मामा. नावं बदला. आणि डोळ्याचं गाळू नका."

नावे बदलली आहेत.

तक्त्यात आता एक्केचाळिसावा प्रश्न आहे : केस काढलेले असल्यास, त्यापूर्वीचे कसे होते? पहिल्या ओळीत मी एक सूचनाही छापून घेतली आहे : ओळखीच्या माणसांसाठी तक्ता दुसऱ्या तंत्रज्ञाने भरावा. नव्या मुली ती वाचून हसतात. हसोत.

गोपीनाथला अजून काही झालेले नाही. त्याचे रक्त बरे आहे, फुप्फुसे बरी आहेत. पुढे काय होईल हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तो तपासायला येतो. सोमवारी नवानंतरच येतो. बहिणीसाठी दिलेल्या रक्तातून त्याला स्वतःचे असे काही कळले, जे त्याने मागितले नव्हते. त्याबद्दल तो कधी बोलत नाही. डाय लावणे त्याने सोडले आहे. गेल्या खेपेस सांगत होता, की ओरत्तनाडूतली एक मुलगी सगळे ऐकून घेऊनही लग्नाला तयार आहे.

नियमाप्रमाणे त्याचा तक्ता शेजारच्या टेबलावरची मुलगी भरते. पण ते झाले की तो उठून माझ्या खुर्चीसमोर येऊन बसतो, हेल्मेट मांडीवर ठेवतो आणि पांढरे डोके माझ्यापुढे वाकवतो.

"विचारा, मामा."

उत्तरे मला पाठ आहेत. तरी मी पहिल्यापासून सुरुवात करतो. एक्केचाळीस होईपर्यंत तो मान वर करत नाही, आणि मीही थांबत नाही.